सावळीचा वंश आणि तीन फ्लॉप्या

गेणू शिंगाडे यांची व प्रस्तुत लेखिकेची ओळख निमगाव केतकीच्या प्रौढ साक्षरता वर्गात, सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली झाली. वर्ग दुपारच्या वेळी शाळेच्या व्हरांड्यात भरत असे. त्यात आम्ही अकरा बायका होतो आणि पुरुष एकच, तो म्हणजे गेणूतात्या. त्यांचे वय तेव्हा सत्तरीच्या घरात होते. डोईला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी अशा वेषात ते पहिल्या दिवशी आले आणि पायऱ्यांजवळच्या तरटावर बसले. वर्गाच्या बाईंनी त्यांना आदराने विचारले, "तात्या, एवढ्या बायकांत बसायला तुम्हांला संकोच नाही ना वाटत?"

"कशाचा संकोच, बाई?" तात्या म्हणाले. "समदा जल्म मेंढ्यांत गेला. त्याबी बायाच की."

आम्ही पाट्यांआड तोंडे लपवून हसलो. पुढे बाईंनी प्रत्येकाला शिकण्याचे कारण विचारले. कोणाला सही करायची होती, कोणाला एसटीवरची पाटी वाचायची होती. प्रस्तुत लेखिकेला लेकीचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागू नये, एवढीच इच्छा होती. तात्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "मला माझ्या मेंढरांची नावं वाचायच्यात."

"मेंढरांची नावं कुठे लिहिली आहेत, तात्या?"

"कंपुटरात."

या उत्तरावर वर्ग पुन्हा हसला. परंतु तात्या हसले नाहीत. ते खरेच सांगत होते. त्यामागची हकिकत लेखिकेला नंतर तात्यांच्या, त्यांच्या पत्नी भामाबाईंच्या आणि पुण्याच्या राजलक्ष्मीच्या तोंडून तुकड्या-तुकड्यांनी समजली. ती येथे जुळवून लिहिली आहे.

तात्यांच्या घराण्यात एके काळी तीनशे मेंढ्या होत्या. दिवाळी झाली की वाडा कोकणाकडे निघायचा. वाडा म्हणजे घोडी, कुत्री, बायका-मुले आणि मेंढरे मिळून झालेले चालते घर. पुढे शेताला पाणी आले, भवानीनगरच्या कारखान्यामुळे मुलखात ऊस उभा राहिला आणि चरायची राने आटत गेली. भावांनी आपापल्या मेंढ्या विकल्या. तात्यांचा मुलगा आबाजी कारखान्यात कामाला लागला. तात्यांपाशी बेचाळीस मेंढ्या राहिल्या, आणि त्या त्यांनी हट्टाने राखल्या.

"तात्या, आता बास करा की," आबाजी अधूनमधून म्हणे. "वाघरीची जागा मोकळी झाली तर डाळिंब लावता येतील."

वाघर म्हणजे मेंढरे कोंडायची जाळी. तात्या शांतपणे म्हणत, "डाळिंबाला हाक मारली तर येतं का?"

मग तो विषय पुढच्या सुट्टीपर्यंत टळत असे.

मेंढ्या आकड्याने मोजणे तात्यांना आवडत नसे. दिवस मावळायच्या आधी वाघरीच्या तोंडाशी ते बसत. एकेक मेंढी आत शिरताना तिच्या पाठीवर हात ठेवत आणि तिचे नाव तिच्या आईच्या नावासकट घेत. "ठिपकीची भोरी. भोरीची लाडी. लाडीची कानी." शेवटची मेंढी आत गेली आणि एखादे नाव घ्यायचे राहिले असेल, तर तेवढ्याने त्यांना कळत असे की मागे रानात कोणी चुकले आहे. अशा रीतीने त्यांना प्रत्येक मेंढीच्या आठ-आठ पिढ्या पाठ होत्या. त्या सगळ्या जणी सावळी नावाच्या एका जुन्या मेंढीच्या वंशातल्या होत्या.

सन एकोणीसशे शहाण्णवच्या पावसाळ्यानंतर राजलक्ष्मी त्यांच्या दारात आली. ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेत नोकरी करत होती आणि गावठी मेंढ्यांच्या जातीचा अभ्यास करण्यासाठी तिला या भागात पाठवले होते. बारामतीत खोली घेऊन ती राहत असे आणि सोमवारी व गुरुवारी एसटीने निमगावला येत असे. तिच्या खांद्यावर एक काळी जड पिशवी होती. तिने ओट्यावर बसून पिशवीतून पेटीसारखे यंत्र काढले, त्याचे झाकण उघडले आणि करड्या पडद्यावर अक्षरे उमटली. तो लॅपटॉप होता. निमगावात तोवर कोणी तसली वस्तू पाहिलेली नव्हती.

भामाबाईंनी ते उचलून पाहिले. "आगं बया, ही पाटी लई जड हाय गं! शाळेत नेतीस तरी कशी?"

"पाटी नाही, आजी, संगणक आहे," राजलक्ष्मी म्हणाली आणि तात्यांकडे वळली. "तात्या, ही समोरची मेंढी आहे ना, तिची आई कोणती?"

 हा प्रश्न तात्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. व्यापारी वजन विचारत, शेतकरी खतासाठी मेंढ्या शेतात किती दिवस बसवणार ते विचारत, आबाजी विकणार कधी ते विचारत असे. आई कोणी विचारली नव्हती.

"बस, पोरी," ते म्हणाले. "सांगतो."

राजलक्ष्मी हे नाव त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी तिचे लक्ष्मी केले. वर्षभर ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली. यंत्राला वीज लागे, आणि वीज तर येत-जात असे. तेव्हा लक्ष्मी येण्याआधी तात्या दिवा लागतो की नाही ते पाहून ठेवत. यंत्राच्या अंगाला ऊन लागू नये म्हणून त्यांनी त्यासाठी ओट्यावर घोंगडीचा आडोसा केला. आबाजी थट्टेने म्हणे, "माझ्या लग्नात एवढा मांडव न्हवता."

अशातच एके दिवशी एक गोष्ट घडली. वाघरीच्या तोंडाशी बसलेले असताना तात्यांनी एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या आईचे नाव त्यांना आठवेना. मेंढी थांबली, मागच्या मेंढ्या ढुशा देऊ लागल्या. तात्यांनी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटून तिला आत सोडली. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. पण दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तसेच झाले. तेव्हापासून ते सोमवार-गुरुवारची वाट अधिक आतुरतेने पाहू लागले. आपल्या डोक्यातून निसटेल ते पेटीत राहील, एवढाच आधार त्यांना उरला होता. मुलाला त्यात रस नव्हता आणि नातवंडे शाळेत होती. आपण विसरलो म्हणजे या मेंढ्या निनावी होतील आणि निनावी मेंढी विकायला कोणाला जड जात नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

सन सत्त्याण्णवच्या दसऱ्याला राजलक्ष्मी दोन दिवसांसाठी पुण्याला घरी गेली. सणाची एसटी खच्चून भरलेली असते, तिच्यात यंत्राला धक्का लागेल, म्हणून तिने पिशवी तात्यांच्या घरी ठेवली. "नीट सांभाळा," ती म्हणाली. यापरते विश्वासाचे वाक्य तात्यांना कोणी म्हटले नव्हते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. त्या दिवशी ज्या हत्याराने वर्षभर काम केले त्याची पूजा करायची, ही आपली रीत. तात्यांनी लोकर कातरायची कातर, कुऱ्हाड, विळा आणि काठी पाटावर मांडली. मग त्यांच्या मनात आले की, वर्षभर सर्वांत जास्त काम कोणी केले? त्यांनी पिशवी आणली आणि यंत्र मधोमध ठेवले.

"झाकण लावूनच पूजायचं व्हय?" भामाबाईंनी विचारले.

"तोंड झाकलेल्या देवाला कुणी पूजतं का?" तात्यांनी झाकण उघडले. लक्ष्मी दाबते ते बटणही त्यांना पाहून-पाहून ठाऊक झाले होते. ते त्यांनी दाबले. पडदा उजळला आणि कोपऱ्यात हिरवा दिवा लागला. तात्यांना वाटले, देव जागा झाला. त्यांनी मनोभावे हळदकुंकू वाहिले. मग "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणून मूठभर भंडारा उधळला आणि पाटाशीच नारळ फोडला. नारळाचे पाणी त्यांनी कातरीवर शिंपडले, कुऱ्हाडीवर शिंपडले, आणि सर्वांत जास्त ज्याचा मान, त्याच्यावर सर्वांत जास्त शिंपडले.

यंत्रातून चर्र असा आवाज आला. पडदा एकदा पांढरा झाला आणि विझला.

"झोपलं जणू," भामाबाई म्हणाल्या.

तात्यांनी बटण पुन्हा दाबले, पुन्हा दाबले.  यंत्रातले लिखाण साठवायच्या चपट्या फ्लॉप्या पिशवीच्या तोंडाशी होत्या. त्यांच्यावरही भंडारा साचलेला त्यांनी पाहिला आणि त्यांच्या मनाने जाणले की काहीतरी वाईट झाले. त्या दसऱ्याला तात्यांनी सोने वाटले नाही.

राजलक्ष्मी परतली तेव्हा ते दारातच उभे होते. तिने काही विचारण्यापूर्वीच ते म्हणाले, "नारळ मी फोडला. दुसऱ्या कुणाला बोलू नगंस."

तिला आधी काही उमगले नाही. उमगले तेव्हा तिने यंत्र काढून बटण दोन-तीनदा दाबून पाहिले. ती रागावली नाही, हे तात्यांना फार जड गेले. ते नंतर लेखिकेला म्हणाले की, तिने चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

यंत्र बारामतीला एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे नेले. तात्याही हट्टाने बरोबर गेले. कारागिराने यंत्र उघडून वर्तमानपत्रावर उपडे केले तेव्हा पिवळ्या भंडाऱ्याची रास पडली.

"आजोबा," तो म्हणाला, "ह्याच्या आत तर जेजुरी झालीया! हे आता काही जागं होत नाही. नवंच घ्यायला सांगा."

फ्लॉप्यांची झाकणे सरकवून त्याने त्याही पाहिल्या. त्यांच्या आतही भंडारा आणि नारळाचे पाणी गेले होते. त्या कामातून गेल्या होत्या. परतीच्या एसटीत तात्यांनी विचारले, "लक्ष्मी, आपण लिवलेलं दुसरीकडं कुठं असंल की."

राजलक्ष्मीने मान हलवली. "नाही तात्या. सगळं यातच होतं. नक्कल पुण्याला नेऊन ठेवायची होती, पण आज नेऊ, उद्या नेऊ करत राहून गेलं."

तात्या तिच्याकडे वळले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "समदी मेंढरं एकाच वाघरीत ठेवली व्हय गं? एक रोग आला म्हंजी समदी गेली! माझ्या बापानं पाच मेंढ्या कायम पाहुण्यांच्या कळपात ठेवल्या. का? तर हितं मरी आली तरी वाण तितं जित्तं र्‍हावं. हे धनगराच्या बारक्या पोराला कळतं, आन् तुमी एवढ्या शिकल्याल्या!"

राजलक्ष्मीने डोळे पुसले. ती म्हणाली, "खरं आहे, तात्या."

"खरं हाय तर मग रडतीस कशाला? रोग मीच आणला की."

पुण्याहून संस्थेच्या साहेबांचा निरोप आला. नवे यंत्र संक्रांतीनंतर मिळेल, पण मार्चअखेर या कळपाच्या वंशाची पूर्ण नोंद तयार नसेल तर हा कळप अभ्यासातून वगळावा लागेल. मग राजलक्ष्मीला निमगावला येण्याचे कारणच राहणार नव्हते. तिने ही गोष्ट तात्यांपासून लपवली नाही. यंत्र येईपर्यंत वहीत लिहून काढायचे, असे दोघांनी ठरवले.

वही उघडून ती ओट्यावर बसली. तात्यांनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. सावळी माझ्या बापाच्या कळपातली, तिची बांडी, बांडीच्या दोघी, ठिपकी आणि चांदी. ठिपकीची भोरी. भोरीची... ते थांबले. बोटांनी घोंगडीच्या दशा पिळू लागले. पाच मेंढ्या सांगून झाल्या होत्या आणि सहावी येत नव्हती.

"चहा घ्या, मग आठवेल," राजलक्ष्मी म्हणाली.

"चहानं येणारी न्हाय ती." तात्यांनी डोळे उघडले. जे त्यांनी वर्षभर लपवले होते ते त्यांच्या तोंडून बाहेर पडले. "पोरी, मला आता याद र्‍हात न्हाय. म्हणून तर तुझ्या पेटीत भरत हुतो. आन् त्या पेटीला मीच पाणी पाजलं."

 तेवढ्यात अंगणातून आवाज आला. भामाबाई टोपलीखाली झाकलेल्या कोकरांना एकेक करून बाहेर काढत होत्या. मागे वळूनही न पाहता त्या म्हणाल्या, "भोरीची लाडी. आबाजीच्या पोरीचं बारसं हुतं, त्या दिशी व्याली. लापशी करपली न्हाय का माझी?"

 राजलक्ष्मीने लिहून घेतले आणि विचारले, "आजी, लाडीच्या पुढची?"

"लाडीला जुळं. एक मेलं, एक कानी. कानीचा कान मुंगसानं फाडला, म्हणून कानी. ह्यास्नी ठावं न्हाय, लाडीला माझ्यापाशी ठिवून हे तवा कोकणात हुते."

"मला ठावं न्हाय कसं?" तात्या उसळले.

"मग सांगा की! बसलाय कशाला घोंगडी कुरतडत?"

राजलक्ष्मीने वही उचलली आणि अंगणात भामाबाईंच्या शेजारी जाऊन बसली. तात्याही घोंगडी सावरत मागोमाग गेले. त्या दिवसापासून वंश दोघांनी मिळून सांगितला. तात्यांना मेंढी चेहऱ्यावरून आठवे, भामाबाईंना जन्मावरून. वाडा फिरतीवर असताना व्यालेल्या मेंढीची वार काढायची, थंडीत कोकरू छातीशी धरायचे, ज्या आईला पान्हा फुटत नाही तिला कुरवाळायचे, ही कामे सारी बायकांची. त्यामुळे कोण कोणाच्या पोटचे हे भामाबाईंना सांगावे लागत नव्हते, त्यांनी ते हाताने पाहिले होते. वर्षभर यंत्रासमोर तात्या सांगत असताना भामाबाईंना कोणी विचारलेच नव्हते.

शेवटी गाडी पुन्हा सावळीपाशी आली. "ही तात्यांच्या वडिलांच्या कळपातली," राजलक्ष्मी वाचू लागली.

"कुणाच्या?" भामाबाईंनी हातातले कोकरू खाली ठेवले.

"माझ्या बापाच्या," तात्या म्हणाले, पण जरा हळूच.

"तुमच्या बापाच्या कळपात समद्या करड्या. सावळी माझ्या बापानं आंदण दिली, बावड्याहून! मी तिला दावं धरून चालत आणली. नवरा पुढं, मेंढी मागं, आन् वाटंत तीन वेळा बसली. तुमी तवा काय म्हणाला हुता? 'बायकू आन् मेंढी दोघीबी हट्टी मिळाल्या.' म्हणला हुता का न्हाय?"

तात्यांनी पटका काढून पुन्हा बांधला. हे काम त्यांनी फार सावकाश केले. मग म्हणाले, "म्हणलो असंन."

"असंन न्हाय, म्हणलाच हुता!"

"व्हय, बाई, म्हणलो. लिव गं लक्ष्मी. सावळी बावड्याची."

प्रस्तुत लेखिकेचे मत असे की, यंत्र मोडले नसते तर ही चूक यंत्रात कायमची राहिली असती. राजलक्ष्मीचेही मत तेच होते. नारळाबद्दल तिने तात्यांना त्याच दिवशी मनापासून माफ केले, असे तिने लेखिकेला सांगितले.

संक्रांतीनंतर नवे यंत्र आले. ते जुन्यापेक्षा हलके होते, त्याच्या पडद्यावर रंग होते, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्यात मराठी अक्षरे उमटत होती. जुन्यात सारे इंग्रजीत होते. तात्यांनी मात्र त्याच्याकडे संशयाने पाहिले.

"ह्याला जुन्यातलं काय ठावं हाय?"

"काहीच नाही, तात्या. आपण सांगू तेवढंच."

"म्हंजी नवी सूनच की."

"मग पयल्याच दिशी कामाला जुंपू नगा," भामाबाई म्हणाल्या, आणि यंत्राभोवती अडीच हात अंतर राखून बसल्या. त्या वर्षापासून त्यांच्या घरी खंडेनवमीला यंत्राची पूजा लांबून, हात जोडूनच होते.

वहीतला सारा वंश यंत्रात गेला. मार्चच्या आत नोंद पुण्याला पोहोचली आणि कळप अभ्यासात राहिला. त्यानंतर तात्यांनी आपली अट घातली. नक्कल तीन ठिकाणी ठेवायची. एक फ्लॉपी पुण्याला, एक राजलक्ष्मीच्या बारामतीच्या खोलीत, आणि तिसरी बावड्याला, जिथून सावळी आली त्या गावी. तात्यांची लेक चंद्राबाई तिथेच दिली होती. आबाजीने ती फ्लॉपी जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून मोटारसायकलीवर नेली. डबा त्याने हँडलला अडकवला नाही, मांडीवर ठेवून नेला. चंद्राबाईने फ्लॉपी देव्हाऱ्यात ठेवली. हे ऐकताच भामाबाई दुसऱ्या दिवशीच एसटीने बावड्याला गेल्या आणि लेकीला बजावून आल्या, "हळद लावशील तर याद राख!"

आता सर्व ठीक झाले होते. पण एके दिवशी राजलक्ष्मीने पडदा तात्यांकडे वळवला आणि सर्वांत वरच्या ओळीवर बोट ठेवले. "तात्या, हे बघा, सावळी."

 रानातल्या पायवाटा ओळखणारे तात्यांचे डोळे त्या एका शब्दापुढे थांबले.

"खरं लिवलंय का, कसं वळखायचं?" भामाबाईंनी विचारले. त्यांचा राजलक्ष्मीवर विश्वास नव्हता असे नाही. पण एकदा बावड्याच्या मेंढीची करड्या कळपात भरती झालेली त्यांनी अनुभवली होती.

त्याच आठवड्यात तात्या साक्षरता वर्गात आले. आमच्या बाई पुस्तकाप्रमाणे शिकवत. तात्या म्हणाले, "बाई, ते कमळ आन् मगर नंतर बघू. मला पयलं सा द्या, व द्या, ळ द्या." बाईंनी मोठ्या मनाने ते मान्य केले. आम्हा अकरा बायकांनाही त्यामुळे ळ फार लवकर आला. तात्या रानात काठीने मातीवर अक्षरे काढत आणि मेंढ्या त्यावरून चालून ती पुसत. ते सांगत, "माझी पाटी त्याच पुसत्यात."

आषाढात एका दुपारी राजलक्ष्मी यंत्र घेऊन शाळेच्या व्हरांड्यात आली. भामाबाईही आल्या. तात्यांनी हात धुतले, पटक्याच्या शेवाने पुसले आणि पडद्यापासून बोटभर अंतर ठेवून बोट फिरवले. पहिला शब्द त्यांनी जुळवला. सावळी. त्यापुढची ओळ वाचायला त्यांना बराच वेळ लागला. 

"भामाबाईच्या... माहेरची. बावडा."

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्याने वाचली. भामाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच म्हणाल्या, "पुढं वाचा की, का हितंच मुक्काम?"

तात्यांनी कळपातली बेचाळीस नावे वाचली. मध्ये दोनदा अडखळले, एकदा लेखिकेने हळूच मदत केली. एका नावाशी राजलक्ष्मी म्हणाली, "तात्या, ही गेल्या महिन्यात गेली ना? हिला यादीतून काढते."

"काढू नगंस," तात्या म्हणाले. "मेली तरी आई हाय ती."

ते नाव आजही तिथे आहे. मेंढ्याही राहिल्या. डाळिंबे आबाजीने विहिरीकडच्या तुकड्यात लावली.

सन नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात राजलक्ष्मी आणखी एक नवे यंत्र घेऊन आली. तिने सांगितले की यंत्रे आता फार लवकर जुनी होतात, आणि काही वर्षांनी फ्लॉपीही चालायची नाही, तिच्याऐवजी चकाकत्या चकत्या येतील. आम्हांला वाटले, तात्या खचतील. ते खचले नाहीत.

"म्हंजी दर चार सालानं वाडा हलवायचा," ते म्हणाले. "आमी जल्मभर तेच केलं. त्यात भ्यायचं काय? हलताना मागं कुणी र्‍हायलं न्हाय ना, एवढं बघायचं."

त्या सुमारास त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मोठी अक्षरेही त्यांना धूसर दिसू लागली होती. वर्ग संपला होता, परंतु कधीकधी ते शाळेच्या पायरीवर येऊन बसत. अशाच एका दुपारी लेखिका लेकीचे पत्र वाचत तिथे बसली होती. स्वतः वाचत होती. तात्यांनी पत्र वाचून होईस्तोवर वाट पाहिली. मग ते म्हणाले,

"प्रयागबाई, तुमास्नी वाचता येतंय. यंत्र बदललं की एकदा लक्ष्मीकडं जाऊन तेवढं वाचून बघत जावा, सावळी त्यात हाय का."